मैत्रीच्या वाटेने आलेली प्रीती

दिवाळी अंक घरात आला की तो प्रथम कोणाच्या हाती पडावा यावरून थोडीफार ओढाताण होतेच. आजोबांना राशिभविष्य हवे असते, मुलांना व्यंगचित्रे हवी असतात, आणि स्वयंपाकघरातून मधूनच कोणी तरी ओरडून सांगते की माझी कथा वाचून झाल्याशिवाय अंक शेजारी देऊ नका. ही ‘माझी कथा’ बहुधा प्रेमकथा असते. ती आपण वाचतो असे चारचौघांत कबूल करणारे थोडे. पण अंक चार घरी फिरून परत येतो तेव्हा सर्वांत जास्त मळलेली पाने तिचीच असतात, हे दिवाळी अंक जपून ठेवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

या प्रेमकथांच्या दोन मुख्य जाती मानायला हरकत नाही. पहिल्या जातीत दोन अनोळखी माणसे अचानक समोरासमोर येतात आणि पाहताक्षणी एकमेकांची होतात. दुसऱ्या जातीत दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या ओळखीची असतात. एकत्र खेळलेली, भांडलेली, एकमेकांच्या घरी हक्काने जेवलेली ही माणसे असतात आणि एके दिवशी त्यांच्या ध्यानात येते की आपण ज्याला मैत्री म्हणत होतो तिचे नाव मधल्या मध्ये बदलले आहे. आजच्या इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांच्या बाजारात या दुसऱ्या जातीला स्वतंत्र नाव आहे, स्वतंत्र कप्पा आहे. ‘आधी मित्र, मग प्रेमिक’ अशी चिठ्ठी लावूनच ती पुस्तके विकली जातात. माल खपतो म्हणूनच कप्पा केला जातो, हे उघड आहे. तेव्हा या कथांत असे काय आहे की वाचक त्यांच्याकडे पुनःपुन्हा वळतो, आणि त्यांतली चांगली कोणती व नुसती गोडगोड कोणती हे कसे ओळखावे, याचा थोडा विचार करावा असे मनात आले. मी कोणी विद्यापीठात शिकलेली पंडित नव्हे. मॅट्रिक झाले, शाळेत मराठी शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. त्यामुळे हे विवेचन शास्त्रापेक्षा धंद्यातल्या अनुभवावर अधिक उभे आहे, हे आरंभीच सांगून टाकते.

*

आपल्या जुन्या वाङ्मयाकडे पाहिले तर पहिल्या जातीचीच चलती दिसते. दुष्यंत झाडाआडून शकुंतलेला पाहतो आणि तेवढ्यावर त्याचे मन गुंतते. नल-दमयंतीची तर गोष्टच वेगळी. त्यांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते, हंसाने केलेल्या वर्णनावर काम भागते. रुक्मिणी कृष्णाची कीर्ती ऐकूनच त्याला वरते. ओळख होण्याआधीच प्रेम, अशी ही परंपरा आहे. तिच्यात काव्य पुष्कळ आहे. पण शकुंतलेला पुढे जे भोगावे लागले ते ओळख अपुरी होती म्हणूनच, असेही एखाद्या चिकित्सक वाचकाला वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही. जो पुरुष अंगठीवाचून बायकोला ओळखत नाही, त्याने तिला नीट पाहिले तरी केव्हा होते? शाप दुर्वासांचा होता हे खरे, पण शापाला वाव त्या अपुऱ्या ओळखीने दिला.

मैत्रीतून प्रीतीकडे जाणारी म्हणता येईल अशी एक ठळक कथा मात्र महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि ती नेमकी फसलेली कथा आहे. कच आणि देवयानी. बृहस्पतीचा हा मुलगा संजीवनी विद्या शिकण्यासाठी शत्रुपक्षाच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे येतो. तो देवयानीसाठी गातो, फुले आणतो, तिची कामे करतो. ती त्याच्याबरोबर हिंडते, गाते. दैत्य त्याला मारतात, आणि दर वेळी ती बापाकडे हट्ट धरून त्याला जिवंत करवते. विद्या मिळवून तो निघतो तेव्हा ती म्हणते, आता माझे पाणिग्रहण कर. तो म्हणतो, तू गुरुकन्या, आणि तुझ्या पित्याच्या उदरातून मी पुन्हा जन्मलो, तेव्हा तू माझी बहीण. पुढे शाप आणि प्रतिशाप होतात आणि गोष्ट संपते. या कथेकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण मैत्री-प्रेमाच्या कथेत जे काही अवघड आहे ते सारे तिच्यात आलेले आहे.

*

आता या कथांचे आकर्षण कशात आहे ते पाहू. त्यासाठी मी एक जुनी इंग्रजी कादंबरी निवडते: जेन ऑस्टेनची ‘एमा’. ती १८१५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली, म्हणजे तिला आता दोनशे वर्षे उलटून गेली. पण या जातीच्या कथेचा यापेक्षा चांगला नमुना अजून माझ्या वाचनात आलेला नाही.

एमा वुडहाऊस ही एकवीस वर्षांची, श्रीमंत, हुशार आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूष असलेली मुलगी. गावातल्या सर्वांची लग्ने जुळवण्याचा तिला नाद आहे आणि तिचा प्रत्येक अंदाज चुकतो. तिच्या घरी नेहमी येणारा एक गृहस्थ आहे, मिस्टर नाइटली. तिच्या बहिणीचा तो थोरला दीर, वयाने एमापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. सारे गाव एमाची स्तुती करते. तिला तोंडावर चुका दाखवणारा हा एकटाच. वाचकाला पन्नास पानांतच कळते की या दोघांचे एकमेकांवाचून चालायचे नाही. कळत नाही ते फक्त त्या दोघांना.

या कथांचे पहिले आकर्षण येथे आहे. रहस्यकथेत लेखकाला माहीत असते आणि वाचकाला माहीत नसते. या कथेत वाचकाला माहीत असते आणि पात्रांना नसते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला धाकट्या दिराचे मन त्याच्याआधी कळावे आणि तिने तोंडात पदर धरून हसावे, तसे वाचकाचे होते. तो कथेतला वडील माणूस बनतो. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही तो पुस्तक खाली ठेवत नाही, कारण त्याला पाहायचे असते ते काय होणार हे नसून या वेड्यांना कधी उमगणार हे असते.

पण एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही. ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथेच्या तंत्राची चर्चा मराठीत घरोघर पोचवली. तेव्हापासून आपल्याकडे शाळकरी पोरालासुद्धा ठाऊक आहे की कथानकात अडथळा हवा, गुंतागुंत हवी. अनोळखी माणसांच्या प्रेमात अडथळे फुकट मिळतात: जात आड येते, पैसा आड येतो, बाप आड येतो, खलनायक आड येतो. मित्रांच्या प्रेमात यातले काहीच नसते. दोघे एकाच गल्लीतले, घरच्यांची ओळख, येण्याजाण्याला आडकाठी नाही. मग ताण आणायचा कुठून?

ऑस्टेनबाईंनी तो मैत्रीतूनच आणला. बॉक्स हिल नावाच्या टेकडीवर गावातली मंडळी सहलीला जातात. तेथे मिस बेट्स नावाची एक गरीब, बडबडी, भाबडी प्रौढ कुमारिका असते. एमा सर्वांसमक्ष तिच्या बडबडेपणावर एक टोमणा मारते. ती बिचारी लाजून गप्प होते. परत निघताना गाडीपाशी नाइटली एमाला गाठतो आणि तिची चांगली कानउघाडणी करतो. तो म्हणतो त्याचा आशय असा की ती तुझ्या बरोबरीची असती तर तुझा विनोद मी सोडून दिला असता. पण ती गरीब आहे, दिवसेंदिवस आणखी गरीब होणार आहे, आणि तुझे पाहून इतरही तिची थट्टा करतील. एमा घरी जाताना वाटभर रडते.

हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. यावेळी नाइटलीच्या मनात एमाविषयी प्रेम आहे आणि एमाचे मन दुसऱ्याच एका देखण्या तरुणावर बसले आहे अशी त्याची समजूत आहे. प्रियकराची चाल खेळायची तर त्याने गोड बोलायला हवे होते. तो मित्राचे काम करतो, आणि त्यात ती कायमची दुरावेल ही जोखीम पत्करतो. पुढे बागेत दोघे फिरत असताना तो मन मोकळे करू पाहतो. तो दुसऱ्याच मुलीविषयी बोलणार या भीतीने एमा त्याला थांबवते. मग त्याचे तोंड उतरलेले पाहून तिला राहवत नाही आणि ती म्हणते, मित्र म्हणून तुम्ही काहीही सांगा, मी ऐकेन. त्या ‘मित्र’ शब्दापाशी तो अडखळतो. सबंध कादंबरी त्या एका शब्दावर येऊन उभी राहते. स्वतःचे नुकसान होणार असे वाटत असतानाही तिने मित्राचे ऐकून घ्यायचे ठरवले, म्हणूनच त्याला बोलता आले.

या कथांचे दुसरे, अधिक खोल आकर्षण मला येथे सापडते. अनोळखी माणसाने नकार दिला तर माणूस दुःखी होतो, पण होता तिथेच राहतो. मित्राला विचारले आणि नकार आला तर हातात असलेलेही जाते. ज्याला जाऊन दुःख सांगायचे तोच माणूस दुरावतो. लग्नाच्या वयाच्या प्रत्येकाला ही भीती कधी ना कधी शिवलेली असते, आणि लग्न होऊन वीस वर्षे झालेल्यांनाही ती आठवते. म्हणून बाहेरून कसलाही अडथळा नसताना या कथेत वाचकाचा श्वास अडकतो.

जाता जाता आपल्या वाचकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगते. एमाला आपल्या दुबळ्या, घाबरट बापाला सोडून सासरी जाता येत नाही. तेव्हा हा गावातला मोठा जमीनदार स्वतःचा वाडा सोडून सासऱ्याच्या घरी राहायला येतो, आपल्या भाषेत घरजावई होतो. तरीही बापाची संमती मिळत नसते. ती मिळते कशाने, तर शेजारीपाजारी कोंबड्यांच्या चोऱ्या होऊ लागतात आणि घरात एक धडधाकट पुरुष असलेला बरा असे म्हाताऱ्याला वाटू लागते! प्रणयाच्या शिखरावर कोंबडीचोरांना आणून बसवणे हे मोठ्या लेखकालाच जमते.

*

दुसरे उदाहरण आपल्या मुलींच्या आवडीचे आहे. कॅनडातल्या लेखिका एल. एम. माँटगोमेरी यांची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ १९०८ साली निघाली. योगायोग असा की त्याच वर्षी लंडनमध्ये मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था स्थापन झाली, जिच्या प्रणयकादंबऱ्यांनी पुढे आपल्या रेल्वे स्टेशनांवरचे पुस्तकांचे गाडेसुद्धा भरून टाकले.

ॲन ही लाल केसांची अनाथ मुलगी. वर्गातला गिल्बर्ट ब्लाइथ तिची वेणी ओढून तिला ‘गाजर’ म्हणून चिडवतो आणि ती हातातली पाटी त्याच्या डोक्यावर फोडते. पुढे कित्येक वर्षे ती त्याच्याशी बोलत नाही. पहिल्या क्रमांकासाठी मात्र दोघांची चढाओढ चालते. पुस्तकाच्या शेवटी ॲनला सांभाळणारा म्हातारा मॅथ्यू वारतो, त्याची बहीण मरिला हिची दृष्टी जाऊ लागते आणि ॲनला शिक्षण सोडून घरी राहणे भाग पडते. गावातल्या शाळेतली शिक्षकाची जागा गिल्बर्टला मिळालेली असते. तो ती तिच्यासाठी सोडतो आणि स्वतः लांबच्या गावी नोकरी धरतो. त्या बदल्यात तो काही मागत नाही. ॲन त्याचे आभार मानते, आणि तेथून त्यांची मैत्री सुरू होते.

१९१५ साली आलेल्या ‘ॲन ऑफ द आयलंड’ या पुढल्या भागात गिल्बर्ट तिला मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. का? तर तिने लहानपणापासून मनात रंगवलेला नायक उंच, सावळा, गूढ आणि काव्यमय बोलणारा असतो, आणि गिल्बर्ट तर रोजचा! मग तसाच एक नायक, रॉय गार्डनर, खरोखरीच तिच्या आयुष्यात येतो. सगळे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडते. तो मागणी घालतो आणि त्या क्षणी ॲनला कळते की याच्याबरोबर आपल्याला जन्म काढता येणार नाही. पुढे गिल्बर्ट विषमज्वराने अंथरूण धरतो. तो जगत नाही असे ऐकून ती एक रात्र तळमळत काढते, आणि तिला स्वतःचे मन कळते.

लेखिकेने येथे पहिल्या जातीच्या प्रेमकथेची परीक्षाच घेतली आहे. कादंबऱ्या वाचून तयार झालेल्या मुलीपुढे तिने कादंबरीतला नायक आणून उभा केला आणि तिच्याच तोंडून त्याला नकार दिला. वाचकाला याचा आनंद का होतो? कारण वाचक स्वतः गूढ नसतो, उंच सावळाही नसतो. तो गिल्बर्टच्या जातीचा असतो, वर्गातला, शेजारचा, रोजचा. रोजच्या माणसावरही कोणी जीव टाकू शकते हे आश्वासन या कथा देतात. माझ्या मते त्यांचे तिसरे आणि सर्वांत मोठे आकर्षण हेच आहे. ज्याने आपल्याला तेल लावून चापून बसवलेल्या केसांत पाहिले, परीक्षेत नापास झालेले पाहिले, आईचा मार खाताना पाहिले, त्याने आपल्याला निवडावे यात जो दिलासा आहे तो अनोळखी राजपुत्राने निवडण्यात नाही. राजपुत्राला अजून काहीच ठाऊक नसते.

*

आपल्याकडे या कथा उशिरा आल्या, आणि त्याचे कारण वाङ्मयात नसून समाजात आहे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा मुलीचे वय दहावरून बारावर नेण्यासाठी झाला, आणि तेवढ्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले हे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. लग्नासाठी मुलीचे वय निदान चौदा असावे असे सांगणारा शारदा कायदा १९२९ चा. जेथे मुलगी नवव्या-दहाव्या वर्षी सासरी जात होती, तेथे लग्नाआधी मित्र मिळणार तरी कोठून?

म्हणून आपल्या कादंबरीने हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगितली: आधी लग्न, मग मैत्री. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू आणि रघुनाथराव मुंबईस बिऱ्हाड करतात, तो तिला वाचायला उत्तेजन देतो, दोघे मोकळेपणाने बोलू लागतात. ती पाने आजही वाचताना कळते की नवराबायको एकमेकांचे मित्र होऊ शकतात हाच त्या वाचकांना केवढा शोध वाटला असेल. म्हणूनच रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमूवर जे केशवपनाचे संकट येते ते असह्य होते. नवरा गेला, आणि तिला माणूस म्हणून ओळखणारा एकटा मित्रही गेला. हे केवळ कादंबरीतच होते असेही नाही. रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचाव्या. लग्न झाले तेव्हा अक्षरओळखही नसलेली अकरा वर्षांची मुलगी नवऱ्यापाशी शिकत शिकत त्याच्या विचारांची सोबतीण कशी झाली, आणि त्यापायी घरातल्या बायकांचे किती बोलणे तिला सोसावे लागले, हे त्यात आहे.

बंगाल्यात शरच्चंद्रांनी शेजारच्या घरांतली कथा लिहिली, आणि मामा वरेरकरांच्या अनुवादांनी शरच्चंद्र मराठी घरांत आपल्याच लेखकासारखे वाचले गेले. ‘परिणीता’ १९१४ ची. आईवडील नसलेली, मामाकडे वाढलेली ललिता तेरा वर्षांची, आणि शेजारच्या श्रीमंत घरातला शेखर तिच्याहून बराच मोठा. शेखरच्या कपाटातले पैसे ती न विचारता घेते. त्याला त्यात काही वाटत नाही, तिलाही नाही. एका बाहुलीच्या लग्नाच्या दिवशी ती थट्टेने त्याच्या गळ्यात माळ घालते, आणि थट्टेचे खरे होते. पण शेखर गप्प राहतो. घरच्यांच्या भयाने राहतो, संशयाने राहतो. ललिता मात्र मनाने स्वतःला विवाहित समजून चालते आणि दुसऱ्या, अधिक भल्या माणसाला तसे सांगून परत पाठवते.

‘देवदास’ तर या जातीच्या कथेची शोकांतिकाच आहे. ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. पाठशाळेतले सोबती देवदास आणि पार्वती. पार्वती लोकलज्जा सोडून रात्री त्याच्या खोलीत येते. तो कलकत्त्याला जाऊन, तुझ्याविषयी माझ्या मनात तसे कधी नव्हते, अशा आशयाचे पत्र तिला लिहितो, आणि टपालात टाकल्यावर पस्तावतो. देवदासचे सारे पुढले आयुष्य, दारू, चंद्रमुखी, ते शेवटचे दार, या सर्वांची मुळे त्या एका पत्रात आहेत. लोक त्याला प्रेमाचा हुतात्मा म्हणतात. मला तो मैत्रीत कमी पडलेला माणूस वाटतो. मैत्रीण मध्यरात्री दाराशी येते तेव्हा तिच्या अब्रूची काळजी तिच्यापेक्षा आपल्याला अधिक आहे असे दाखवणे सोपे असते. तिच्या बाजूने उभे राहणे अवघड असते.

*

आता या कथांविषयी माझी एक तक्रार आहे, आणि शिक्षिका म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

या जातीच्या पुष्कळशा कथांत मैत्री ही एक प्रतीक्षागृहासारखी वापरलेली असते. प्रेमाची गाडी येईपर्यंत बसायची जागा! १९९८ सालचा ‘कुछ कुछ होता है’ आठवा. आखूड केसांची, मुलांबरोबर बास्केटबॉल खेळणारी अंजली ही राहुलची जिवलग मैत्रीण. पण त्याचे मन जाते दुसरीवर. वर्षांनी तीच अंजली लांब केस आणि साडी घेऊन समोर येते तेव्हा त्याला ती दिसते. चित्रपट मनोरंजक आहे, गाणी गोड आहेत, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीने त्यातून काय घ्यायचे? मैत्रीण म्हणून तू कितीही मोलाची अस, साडी नेसल्याशिवाय तुझी किंमत नाही, हेच ना? त्यामानाने २००८ सालच्या ‘जाने तू... या जाने ना’ मधले जय आणि अदिती मला अधिक प्रामाणिक वाटतात. सारे मित्र सांगत असतात की तुम्ही एकमेकांचे आहात, आणि ते दोघे हसून ते उडवून लावतात. दोघांनी वेगवेगळ्या माणसांशी जमवून पाहिल्यावर त्यांना ते पटते. तेथे कोणाला वेष बदलावा लागत नाही.

दुसरा दोष याहून घातक. मुलगा मुलीशी वर्षानुवर्षे चांगला वागतो, तिच्या वह्या आणून देतो, तिला स्टेशनवर सोडतो, आणि शेवटी लेखक ते सारे व्याजासह वसूल करून देतो. मैत्री म्हणजे पोस्टातली ठेव; मुदत भरली की मुलगी मिळायची. असल्या कथा वाचलेला मुलगा नकार आल्यावर दुःखी होत नाही, तर फसवला गेल्यासारखा चिडतो. मी इतके दिवस केले ते फुकट गेले, असे त्याला वाटते. नकार न पचवता आल्याने काय काय घडते ते वर्तमानपत्रांत आपण वाचतो. त्याचा सगळा दोष कथांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण कथा लिहिणाऱ्यांनी हात झटकून मोकळे होणेही बरे नव्हे.

म्हणूनच मला लुइझा मे अल्कॉट यांचे धैर्य मोठे वाटते. शान्ता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणलेली त्यांची ‘लिटल विमेन’ १८६८ आणि १८६९ अशा दोन भागांत निघाली. पहिल्या भागातली जो आणि शेजारचा लॉरी यांची दोस्ती वाचून मुलींनी लेखिकेला पत्रे लिहिली की या दोघांचे लग्न करा. लेखिकेने ऐकले नाही. दुसऱ्या भागात लॉरी विचारतो आणि जो नाही म्हणते. त्याच्यावर माया आहे, पण ती या जातीची नाही, हे ती रडत रडत पण स्पष्ट सांगते. लॉरी काही काळ रुसतो, दूर देशी जातो. पुढे त्याचे जोच्या धाकट्या बहिणीशी लग्न होते आणि तो जोचा भाऊ व मित्र म्हणून उरतो. हे पुस्तक वाचून झालेल्या मुली आजही मला एकच प्रश्न विचारतात: बाई, जोने नाही का म्हटले? मी त्यांना म्हणते, तिला तसे वाटले नाही म्हणून. हे उत्तर त्यांना अपुरे वाटते. मला ते पुरेसे वाटते, आणि पुढे कधी तरी त्यांनाही वाटेल.

२०१७ सालच्या ‘ती सध्या काय करते’ या मराठी चित्रपटाला जो भरघोस प्रतिसाद मिळाला त्याचे कारणही येथेच असावे. लहानपणीची मैत्री, मनात राहून गेलेले प्रेम, आणि दोघांची वेगवेगळी लग्ने. प्रेक्षक डोळे पुसत घरी गेले, पण कोणी लेखकावर रागावले नाही. जे जुळले नाही त्याचीही किंमत असते हे त्यांना पटले.

*

आता कच-देवयानीकडे येते. ही कथा वाचताना आपण बहुधा एक बारीक गोष्ट विसरतो. कचाला पाठवतानाच देवांनी सांगितलेले असते की देवयानीला प्रसन्न कर, म्हणजे विद्या मिळेल. म्हणजे ती गाणी, ती फुले, ती सेवा यांच्यामागे हेतू होता. देवयानीला तो ठाऊक नव्हता. मग कच तिला बहीण म्हणतो ते खरे की सोयीचे? आणि देवयानी तरी? तीन वेळा तुला मरणातून परत आणले याची ती आठवण देते, म्हणजे तिनेही ठेवीचा हिशेबच मांडला नाही का? महाभारतकार कोणाचीच बाजू घेत नाहीत. विद्या तुला फळणार नाही असा एकाला शाप, ऋषिपुत्र तुला वरणार नाही असा दुसरीला. दोघांनीही मैत्रीचा उपयोग केला आणि दोघांनाही त्याची किंमत पडली. वि. स. खांडेकरांना १९५९ साली ‘ययाति’ लिहिताना हा कच पुन्हा घडवावासा वाटला, त्याला संयमाचे आणि निर्मळ स्नेहाचे रूप द्यावेसे वाटले, हे म्हणूनच मला अर्थपूर्ण वाटते. मूळ कथेत जी जागा दुखते तेथेच त्यांनी बोट ठेवले.

तेव्हा चांगली आणि वाईट कथा ओळखण्याची माझी कसोटी अगदी साधी आहे. त्या कथेतून प्रेम काढून टाकून पाहावे. मागे उरलेली मैत्री स्वतःच्या पायावर उभी राहते का? नाइटलीने एमाला कधीच मागणी घातली नसती तरी मिस बेट्ससाठी केलेली ती कानउघाडणी मोलाची ठरलीच असती. ॲनने गिल्बर्टला कायमचे नाकारले असते तरी त्याने सोडलेली शाळेची जागा लहान झाली नसती. जो आणि लॉरी यांच्या बाबतीत तर लेखिकेने हे प्रत्यक्ष करूनच दाखवले. जेथे मैत्री अशी स्वयंपूर्ण असते तेथे वर प्रेम उमलले तर ते वाचकाला मिळालेले अधिकचे दान असते. जेथे ती तशी नसते तेथे शेवटी कितीही सनई वाजली तरी हिशेब चुकल्यासारखे वाटते.

आज आपली मुले-मुली एका बाकावर बसून शिकतात, एकत्र नाटके बसवतात, एकत्र नोकऱ्या करतात. यमूला लग्नानंतर जे लाभले आणि थोड्याच दिवसांत गेले, ते यांना शाळेतच लाभते. मैत्री हातात आहे. तिचे काय करायचे हे अजून पुरते ठाऊक नाही. वडीलधाऱ्यांना प्रत्येक मैत्रीत प्रेम दिसते आणि ते घाबरतात. मुलांनाही पडद्यावर तेच दाखवले जाते आणि तीही गोंधळतात. अशा वेळी या कथांनी एवढे जरी शिकवले, की समोरच्याचे ‘नाही’ ऐकल्यावरही त्याच्याकडे पूर्वीसारखे फराळाला जाता आले पाहिजे, तरी त्यांनी मोठे काम केले असे मी म्हणेन.

या अंकातही अशी एखादी कथा असेलच. ती वाचताना ही कसोटी लावून पाहा. आणि कथा कसोटीला उतरली तर लेखकाला एक कार्ड टाकायला विसरू नका.